निरोगी स्त्रियांची ताकद मोजताना वजनाचा हिशेब कसा लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमध्ये फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी २० ते ६० वयाच्या निरोगी स्त्रियांच्या हाताची पकड आणि गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंची ताकद मोजते आहे. गाइड म्हणतात, आलेला आकडा वजनाने भाग. एका पेपरात बीएमआयने भागलंय, दुसऱ्यात वजनाच्या ०.६७ घाताने, आणि काही पेपरांत भागलेलंच नाही. नेमकं काय करायचं?

तुमच्या गाइडनी सांगितलेला भागाकार सरसकट चूक नाही. पण ताकद वजनाने भागली की वजनाचा परिणाम आपोआप निघून जातो, असं आपण सगळे धरून चालतो, आणि ते मात्र बहुतेक वेळा खरं नसतं. पकडीच्या बाबतीत तर नाहीच. भागल्यावर उलटा कल तयार होतो. बारीक बाई आहे त्यापेक्षा ताकदवान दिसते आणि वजनदार बाई आहे त्यापेक्षा दुबळी.

कागदावरच बघा. एकीचं वजन ४५ किलो, पकड २४ किलो. दुसरीचं वजन ७५ किलो, पकड ३० किलो. सरळ वजनाने भागलं तर पहिलीला ०.५३ आणि दुसरीला ०.४०. म्हणजे पहिली तिसऱ्या हिश्शाने पुढे. आता वजनाच्या ०.६७ घाताने भागा. पहिलीला १.८७, दुसरीला १.६६. फरक साडेबारा टक्क्यांच्या आसपास आला. घात ०.४ घेतला तर ५.२४ आणि ५.३३, आणि दुसरी किंचित पुढे जाते. बायका त्याच, डायनामोमीटर (जोर मोजायचं यंत्र) तोच, वाचन तेच. बदलला तो फक्त आपला भागाकार. म्हणून घात कुठला घ्यायचा हे ‘सगळे असंच करतात’ म्हणून ठरवू नका.

०.६७ हा आकडा येतो भूमितीतून. स्नायूची ताकद त्याच्या लांबीवर नाही, काटछेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, जसा दोर किती भार पेलेल हे त्याच्या जाडीवर ठरतं. शरीर सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात मोठं झालं तर क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने वाढतं आणि वजन घनाने. त्यामुळे ताकद वजनाच्या दोन तृतीयांश घाताने वाढायला हवी. क्षेत्रफळ आणि आकारमान एकाच चालीने वाढत नाहीत, हे गॅलिलिओने १६३८ साली हाडांच्या संदर्भात मांडलं होतं. वेटलिफ्टिंगच्या विक्रमांत हेच नातं दिसतं, हे लिट्झकेने १९५६ साली दाखवलं. आपल्या जिल्ह्यात मनमाडच्या मुली वेटलिफ्टिंगमध्ये नाव काढतात. त्यांच्या खेळात वजनी गट असतात आणि वेगवेगळ्या गटांतल्या खेळाडूंची तुलना करायला सिंक्लेअर गुणांक वापरतात. उचललेलं वजन भागिले शरीराचं वजन एवढ्यावर त्या खेळात कोणी भागवत नाही, कारण तसं केलं तर सर्वोत्तम खेळाडू कायम सगळ्यात हलक्या गटातलीच ठरेल.

आता तुमच्या प्रबंधासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण तुम्ही दोन वेगळ्या जातीची मोजमापं घेताय. पकड हे बल आहे. गुडघ्याचं मोजमाप बल म्हणून लिहिता येतं आणि टॉर्क म्हणूनही. टॉर्क म्हणजे बल गुणिले सांध्यापासूनचं अंतर. बल वजनाच्या ०.६७ घाताने वाढतं. अंतर ही लांबी आहे, ती ०.३३ घाताने वाढते. दोन्हींचा गुणाकार केला की घात होतो १. म्हणून न्यूटन-मीटरमधला टॉर्क सरळ वजनाने भागणं भूमितीला धरून आहे, पण न्यूटनमधलं बल किंवा किलोमधली पकड वजनाने भागणं नाही. स्लोबोदान यारिच यांनी २००२ सालच्या आढावा लेखात हा भेद नीट मांडला आहे आणि तुमच्या प्रबंधात तो असायलाच हवा. तोच स्नायू, तोच जोर, पण एकक बदललं की घात बदलतो. मला वाटतं पेपरांमधला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

हातात धरायचा डायनामोमीटर वापरत असाल तर मशीन बल दाखवतं, टॉर्क तुम्हालाच काढावा लागतो. बाईला टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवा, पॅड घोट्याच्या जरा वर ठेवा आणि गुडघ्याच्या सांध्याच्या बाहेरच्या रेषेपासून पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून प्रत्येकीच्या फॉर्मवर लिहा. समजा दोघींचं वाचन ३०० न्यूटन आलं. एकीचं अंतर ३२ सेंटिमीटर, दुसरीचं ३६. टॉर्क झाले ९६ आणि १०८ न्यूटन-मीटर. अंतर लिहिलं नसतं तर हा साडेबारा टक्क्यांचा फरक कुठेच दिसला नसता. आणि पॅड हाताने धरू नका, पट्टा टेबलाच्या पायाला बांधा. मांडीचा पुढचा स्नायू चांगल्या तरुण मुलीचा असेल तर तो तपासणाऱ्याच्या हाताला सहज हरवतो आणि मग तुम्ही तिची नाही, स्वतःची ताकद मोजत बसता.

सगळी शरीरं एकाच साच्याची असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण प्रौढ स्त्रियांमध्ये वजनातला फरक बराचसा चरबीमुळे असतो, आणि चरबी जोर लावत नाही. ६० किलोच्या दोन बायका घ्या. एकीच्या अंगात २५ टक्के चरबी, दुसरीच्या ४० टक्के. चरबी वगळून एकीचं ४५ किलो उरतं, दुसरीचं ३६. वजनाने भागताना दोघींना आपण सारखंच मापतो. म्हणूनच प्रत्यक्ष डेटातून पकडीचा घात काढला की तो ०.६७ पेक्षा कमी आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आपल्याकडे हे आणखी जपून बघावं लागतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. ते दोघे पुरुष होते, पण मुद्दा आपल्या बायकांनाही लागू आहे. सडपातळ दिसणाऱ्या अंगात चरबी बरीच आणि स्नायू कमी असू शकतात. अशा बाईची पकड वजनाने भागली की आकडा छान दिसतो आणि तिच्याकडे लक्ष देण्याची गरज कोणाला वाटत नाही. मला वजनदार बाईवर होणाऱ्या अन्यायाइतकीच या बारीक बाईचीही काळजी वाटते.

मग चरबीविरहित वजनाने भागायचं का? जमत असेल तर ते जास्त चांगलं, पण तिथेही बल असेल तर घात तपासूनच. अंगातून बारीक प्रवाह सोडून विद्युतरोधावरून चरबीचा अंदाज काढणारं बीआयए मशीन वापरणार असाल तर सगळ्या बायकांची मोजणी एकाच परिस्थितीत घ्या. पाणी किती प्यायलंय, जेवण कधी झालंय, आधी घाम गाळून आलीय का, याने आकडा हलतो. नुसत्या हातात धरायच्या किंवा नुसत्या पायाखालच्या मशीनवर फार विसंबू नका. ती शरीराच्या एका भागातून प्रवाह सोडतात आणि उरलेल्याचा अंदाज बांधतात.

बीआयए नसेल तर उंचीचा विचार करा. शिबिरात, अंगणवाडीत, कारखान्याच्या गेटपाशी मोजणी करताना मला उंची हे फार कामाचं माप वाटतं. भूमितीने बल उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, उंचीत चरबीचा संबंध येत नाही आणि सणासुदीनंतर ती वाढत नाही. फक्त उंची घेताना अंबाडा सोडायला सांगा, चप्पल काढायला सांगा आणि टाचा भिंतीला टेकल्यात का ते वाकून बघा.

बीएमआयने भागण्याचं मात्र मी तुम्हाला सुचवणार नाही. बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. त्याने भागलं की पकडीला उंचीच्या वर्गाने गुणल्यासारखं होतं, म्हणजे वर सांगितलं त्याच्या बरोबर उलट. दोन बायका घ्या, दोघींचं वजन ५२ किलो, दोघींची पकड २४. एकीची उंची १४८ सेंटिमीटर, दुसरीची १६२. पहिलीचा बीएमआय २३.७, दुसरीचा १९.८. भागून आले १.०१ आणि १.२१. सारखीच पकड, सारखंच वजन, तरी उंच बाई २० टक्क्यांनी सरस. आपल्याकडच्या बुटक्या बायकांना यात विनाकारण मार बसतो. अमेरिकेतल्या २०१४ सालच्या एका प्रकल्पात स्त्रियांसाठी ०.५६ ही पकड-बीएमआय मर्यादा सुचवली गेली होती, ती वयस्कर लोकांत चालण्या-फिरण्याची अडचण ओळखण्यासाठी. त्या कामाला ती ठीक असेल. निरोगी बायकांच्या स्नायूंचं वर्णन करणं हे वेगळं काम आहे.

म्हणून आधी प्रबंधाचा प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘या बाईला स्वतःचा भार पेलेल का?’ हा प्रश्न असेल, म्हणजे खुर्चीतून उठणं, पांडवलेणीच्या पायऱ्या चढणं, तर मांडीची ताकद सरळ वजनाने भागा. तिला उचलायचं आहे ते तिचंच वजन, चरबीसकट. इथे चरबी वगळणं उलट चूक ठरेल. ‘हिचे स्नायू तिच्या बांध्याच्या मानाने कसे आहेत?’ हा प्रश्न असेल तर घात, उंची किंवा चरबीविरहित वजन. आणि ‘धोक्याच्या रेषेखाली आहे का?’ हा प्रश्न असेल तर कच्चा आकडाच ठेवा. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली सार्कोपेनियासाठी, म्हणजे वयाबरोबर होणाऱ्या स्नायूंच्या झिजेसाठी, स्त्रियांची पकड १८ किलोच्या खाली असेल तर कमी धरावी असं सांगितलं, युरोपीय गटाची मर्यादा १६ किलो आहे. या मर्यादा न भागलेल्या किलोंमध्ये आहेत आणि वयस्कर लोकांसाठी आहेत. तुमच्या २५ वर्षांच्या मुलीला १९ किलो आले म्हणून ती ठीक, असा अर्थ त्यातून काढू नका.

त्याच बाईची ताकद आधी आणि नंतर मोजायची असेल तर वजनाने अजिबात भागू नका. हे मी जरा जोर देऊन सांगते, कारण वजन कमी करण्याच्या कार्यक्रमांत हा भागाकार सर्रास दिसतो. एखादी ७८ किलोवरून ७० वर आली, पकड २६ होती ती २६च राहिली. भागून ०.३३३ चे ०.३७१ झाले, म्हणजे ताकद ११ टक्क्यांनी ‘वाढली’. समजा उपासमारीने पकड २५ वर आली, तरी भागाकार ७ टक्के वाढच दाखवेल. स्नायू झिजत असताना बाईच्या हातात अभिनंदनाचा रिपोर्ट पडतो. त्यामुळे तिच्या जेवणात प्रथिनं वाढवायची, व्यायामात वजनं आणायची ही वेळ निघून जाते.

आता तुमच्या डेटातून घात कसा काढायचा ते सांगते. पकडीचा आणि वजनाचा नैसर्गिक लॉग घ्या, लॉग-पकड उभ्या अक्षावर, लॉग-वजन आडव्या अक्षावर, आणि रिग्रेशनची रेषा, म्हणजे सगळ्या ठिपक्यांच्या सर्वात जवळून जाणारी सरळ रेषा, काढा. रेषेचा उतार हाच घात. एक्सेलमध्येही होतं. त्याच्याबरोबर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा घात ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा, काढा आणि त्यात ०.६७ बसतो का, १ बसतो का, हे लिहा. मग त्या घाताने भागलेल्या आकड्याचा वजनाशी सहसंबंध तपासा. तो शून्याच्या आसपास आला पाहिजे. गाइडना पटवायचं असेल तर सरळ वजनाने भागलेल्या आकड्याचाही वजनाशी आलेख काढून शेजारी ठेवा. रेषा उजवीकडे खाली उतरताना दिसली की वेगळं बोलावं लागणार नाही. जेम्स टॅनरने हाच इशारा १९४९ साली दिला होता. साधा भागाकार रास्त ठरायचा तर रिग्रेशनची रेषा शून्यातून जायला हवी, आणि ती क्वचितच जाते.

पण घात काढताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं वय. २० ते ६० या पट्ट्यात वयाबरोबर वजन वाढत जातं, आणि पकड मध्यम वयानंतर उतरायला लागते. वय हिशेबात घेतलं नाही तर जड बायका कमजोर वाटतात, खरं तर त्या वयाने मोठ्या असतात. वय रिग्रेशनमध्ये घाला. रजोनिवृत्ती झाली आहे का, हेही फॉर्मवर विचारा.

दुसरं म्हणजे बाई कुठलं काम करते ते, आणि नाशिकमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. समजा तुमच्या नमुन्यातल्या हलक्या वजनाच्या बायका दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्या आहेत आणि जड वजनाच्या बायका कॉलेज रोडवरच्या कार्यालयांत बसून काम करणाऱ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर थिनिंगच्या, म्हणजे घडातले मणी विरळ करायच्या, दिवसांत बागेतली बाई दिवसभर कात्री चालवते. तिचा हात वर्षानुवर्षांच्या कामाने घडलेला आहे. अशा नमुन्यात लॉग-लॉग रेषा आडवी पडेल, घात ०.२ वगैरे येईल, आणि तुम्ही लिहाल की नाशिकच्या बायकांत वजनाचा पकडीशी फारसा संबंध नाही. प्रत्यक्षात तो आकडा बांध्याचा नसून मजुरीचा असेल. म्हणून कामाचा प्रकार वेगळा नोंदवा आणि दोन्ही गटांत हलक्या-जड अशा दोन्ही बायका येतील हे बघा. शिवाय बागेतून परतलेल्या बाईची पकड संध्याकाळी घेऊ नका, हात थकलेला असतो. सकाळी कामाला लागायच्या आधी घ्या, किंवा सुट्टीच्या दिवशी.

मोजणीतल्या चुका कुठल्याच घाताने धुऊन निघत नाहीत. जामर डायनामोमीटर असेल तर हँडल दुसऱ्या खाचेत, बाई खुर्चीत ताठ, खांदा अंगालगत, कोपर ९० अंशात, मनगट सरळ किंवा जरासं वर. बांगड्या कोपराकडे सरकवा, नाहीतर काचेची बांगडी फुटेल या भीतीने ती जोरच लावत नाही. अंगठी काढायला सांगा. पहिल्यांदा आपण दाबून दाखवा. बऱ्याच बायकांना, विशेषतः सासूबाई किंवा सुपरवायझर शेजारी उभे असतील तर, पूर्ण जोर लावायचा संकोच वाटतो. त्यांना बाहेर बसवा. प्रत्येकीला त्याच शब्दांत, त्याच आवाजात सांगा: ‘दाबा, दाबा, अजून दाबा, सोडा.’ तीन वेळा घ्या, मध्ये मिनिटभर विसावा द्या, आणि सर्वोत्तम वाचन घेणार की सरासरी, हे आधीच ठरवून शेवटपर्यंत पाळा. वजन अंगावरची शाल, पर्स, मोबाइल काढून, हलक्या कपड्यांत. भागाकारात वजन येणार असेल तर तिथली चूकही उत्तरात येते.

शेवटी निकाल लिहिण्याबद्दल. ‘किलो भागिले किलोचा ०.४ घात’ हे एकक ना बाईला कळतं ना परीक्षकाला. मी तो आकडा एका ठरावीक वजनावर आणून लिहिते. समजा ५५ किलो धरलं. ५५ भागिले तिचं वजन, या आकड्याचा तोच घात काढायचा आणि त्याने मूळ पकडीला गुणायचं. वरच्या उदाहरणातल्या दोघींना ०.४ घाताने हे केलं तर ४५ किलोवालीला २६.० किलो आणि ७५ किलोवालीला २६.५ किलो मिळतात. म्हणजे बांध्याचा फरक बाजूला ठेवला तर दोघींची पकड जवळजवळ सारखी. हे कोणालाही सांगता येतं. तक्त्यात कच्ची पकड, वजन, उंची, वय हे सगळे रकाने मात्र ठेवाच, आणि घात त्याच्या इंटरव्हलसह छापा. टॉर्क असेल तर अंतराचा रकानाही. उद्या धुळ्याची किंवा जळगावची एखादी विद्यार्थिनी वेगळा घात घेऊन आली तर तिला तुमचे आकडे पुन्हा मांडता आले पाहिजेत.